तंजावरचा तुटलेला दोर

इसवी सन 1808 मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखराकडे, कप्प्या आणि दोर लावून, सुमारे अर्धा टन वजनाचे एक पितळी यंत्र हळूहळू वर चढविले जात असताना, त्याला भिंतीपासून दूर धरून ठेवणारा ताणाचा दोर एकाएकी तुटला. यंत्र झोका खाऊन मंदिराच्या दगडी अंगावर आदळले, आणि ज्या वर्तुळावर अंश, कला आणि विकला वाचावयाच्या ते वर्तुळच वेडेवाकडे झाले. हिंदुस्थानच्या मोजणीचे इतिहास लिहिणाऱ्यांनी हा प्रसंग बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपता घेतला आहे. मला मात्र तो त्या इतिहासाच्या ऐन मर्मस्थानी असलेला वाटतो. कारण ज्या कामगिरीने पुढे कन्याकुमारीपासून मसुरीपर्यंतच्या भूमीचा सांगाडा निश्चित झाला, ती सगळी कामगिरी त्या दिवशी एका तंबूतल्या दुरुस्तीवर येऊन ठेपली होती.

ते यंत्र ज्याच्या ताब्यात होते तो विल्यम लॅम्बटन हा यॉर्कशायरमधल्या एका साध्या कुळातला मनुष्य. ब्रिटिशांच्या तेहेतिसाव्या पायदळ पलटणीतून तो अमेरिकेच्या युद्धात गेला, 1781 साली यॉर्कटाउनच्या शरणागतीत कैद झाला, आणि सुटकेनंतर कित्येक वर्षे न्यू ब्रन्सविकच्या थंड मुलखात बराकींच्या देखरेखीची चाकरी करीत, उरलेल्या वेळात गणित आणि ज्योतिष यांचा एकाकी व्यासंग करीत राहिला. हिंदुस्थानात तो आला तेव्हा चाळिशी केव्हाच उलटून गेली होती. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपूचे राज्य संपले, आणि पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंतचा दक्षिणेचा मुलूख कंपनी सरकारच्या हुकमतीखाली किंवा तिच्या छायेखाली आला, तेव्हा लॅम्बटनने मद्रास सरकारकडे अर्ज गुदरला की, या द्वीपकल्पाची मोजणी अंदाजाने आणि वाटसरूंच्या कोसांनी न करता शुद्ध त्रिकोणमितीने करावी, आणि तीतूनच पृथ्वीचा आकार ठरविण्यासही आधार मिळवावा. हा अर्ज मंजूर झाला. पुढे थोड्याच वर्षांत त्याचे प्रत्यंतरही आले. मद्रासच्या अक्षांशावर समुद्रापासून समुद्रापर्यंतची रुंदी जुन्या नकाशांत सुमारे 400 मैल दाखविलेली होती, ती प्रत्यक्षात 360 मैलच निघाली. कागदावरची 40 मैलांची जमीन एका आयुधाने पुसून टाकली.

ही आयुधे आली कोठून, त्याचीही कथा सांगण्यासारखी आहे. लॅम्बटनची पोलादी साखळी, शंभर फूट लांबीची आणि अडीच अडीच फुटांच्या चाळीस कांड्यांची, लॉर्ड मॅकार्टनीच्या वकिलातीबरोबर चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी पाठविलेल्या वस्तूंपैकी होती. बादशहाच्या दरबारी तिचा स्वीकार झाला नाही. वकिलातीतील पंडित डिनविडी याने ती आपल्याबरोबर कलकत्त्यास आणली, आणि त्याच्याकडून ती लॅम्बटनकडे आली. कोन मोजण्याचे ते पितळी यंत्र, म्हणजे मोठा थिओडोलाइट, लंडनच्या विल्यम कॅरी या कारागिराने घडविला. त्याच्या आडव्या वर्तुळाचा व्यास 36 इंच होता. समुद्रमार्गे येताना ते जहाज फ्रेंचांच्या हाती पडले, यंत्र मॉरिशसला उतरवले गेले, आणि तेथील फ्रेंच गव्हर्नराने, हे शस्त्र नसून शास्त्राचे साधन आहे हे ओळखून, ते सन्मानाने मद्रासला रवाना केले, असे मोजणीखात्याच्या इतिहासात सांगितलेले आहे. शत्रूच्या तावडीतून धडपणे सुटलेल्या या यंत्राने पुढे एका दोराच्या पिळामुळे दगा खावा, हा योगच विलक्षण.

साखळीचे काम वरवर सोपे दिसते, पण दुरुस्तीच्या दृष्टीने तिच्याइतके शिकवणारे दुसरे साधन नाही. 1802 च्या एप्रिल महिन्यात मद्रासजवळच्या सेंट थॉमसच्या टेकडीपाशी लॅम्बटनने आधाररेषा, म्हणजे जिच्या लांबीवरून पुढच्या सगळ्या त्रिकोणांच्या बाजू काढावयाच्या ती रेषा, मोजावयास घेतली. तिची लांबी साडेसात मैल. मोजण्यास 57 दिवस लागले, आणि साखळी 400 वेळा मांडावी लागली. ती जमिनीवर टाकून चालत नसे. तिवयांवर लाकडी पन्हळी बसवून, त्यांत साखळी सरळ पसरून, तीवर तंबूची सावली धरून, पन्हळीत उष्णतामापके ठेवून, पोलाद उन्हाने किती वाढले याचा हिशेब प्रत्येक मांडणीला करावा लागे. याहून नाजूक गोष्ट म्हणजे साखळीची झीज. चाळीस कांड्यांच्या सांध्यासांध्यांत धातू धातूवर घासतो, आणि प्रत्येक सांधा केसाइतका जरी सैल झाला तरी सगळी साखळी मिळून लांब होते. म्हणजे तिने मोजलेली भूमी आखूड भरते. यासाठी दुसरी एक साखळी प्रमाण म्हणून जपून ठेवून, कामाची साखळी तिच्याशी पुन्हा पुन्हा ताडून पाहण्याचा शिरस्ता होता. साधन बिघडते, हे गृहीत धरून त्या बिघाडाचे माप आपल्याच जवळ बाळगावयाचे, ही जी वृत्ती, तीच मला या सबंध मोहिमेचा प्राण वाटते.

आता तंजावर. म्हैसूरच्या पठारावर डोंगरामागून डोंगर होते; एका माथ्यावरून दुसरा दिसे, आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत पुढे सरकता येई. कावेरीच्या मुखाकडील प्रदेश मात्र तळहातासारखा सपाट, भातखाचरांनी भरलेला, आणि नारळी-ताडांच्या दाट झाडीने चोहोकडून दृष्टी अडविणारा. त्या मुलखात उंच असे एकच होते, ते म्हणजे देवालयांची गोपुरे आणि शिखरे. लॅम्बटनने तीच आपल्या वेधांची ठाणी केली. तंजावरच्या मोठ्या मंदिराचे विमान 200 फुटांहून उंच. राजराज चोळाने अकराव्या शतकाच्या आरंभी उभारलेले. त्या वेळी तंजावरच्या गादीवर भोसले घराण्यातील दुसरे सरफोजीराजे होते. मुलखाचा कारभार 1799 च्या तहाने कंपनीकडे गेलेला असला, तरी किल्ला, राजवाडा आणि विद्येचा व्यासंग त्यांच्याकडे होता. सरस्वती महाल ग्रंथालयाची वाढ त्यांनीच मनापासून केली, आणि पाश्चात्त्य शास्त्रांविषयी त्यांना खरीखुरी आस्था होती. याच मंदिराच्या प्राकाराच्या भिंतीवर, अपघाताच्या आधी जेमतेम पाच वर्षे, 1803 मध्ये, भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले गेले होते, आणि तो आपल्या भाषेतील सर्वांत मोठा शिलालेख म्हणून मानला जातो. ज्या वास्तूच्या एका भिंतीवर मराठी कारकुनांनी आपला भूतकाळ पाषाणात उतरविला, तिच्याच शिखराचा आधार घेऊन एक परका सेनाधिकारी या भूमीची मापे काढीत होता. दक्षिण हिंदुस्थानच्या इतिहासाचे दोन प्रवाह इतके जवळून वाहत असल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

तंजावर हे काही अरण्य नव्हे. बाजारपेठ, राजवाडा, सोनार, तांबट, सुतार सर्व तेथे होते. तरीही त्या यंत्रापुरते ते अरण्यच होते. कारण 36 इंची वर्तुळावर अंशांच्या खुणा पाडण्याचे यंत्र आणि ती विद्या ही लंडनमधल्या मोजक्या कारखान्यांत होती, आणि लंडनचा रस्ता आफ्रिकेला वळसा घालून सहा महिन्यांचा होता. यंत्र परत पाठवावयाचे म्हटले तर जाणे, दुरुस्ती आणि येणे मिळून दोन वर्षे निघून जाणार, आणि तोपर्यंत मोजणीची मंडळी, सरकारची मंजुरी आणि पन्नाशी ओलांडलेल्या मनुष्याची उमेद, यांतले काय टिकेल याचा भरवसा कोणी द्यावा?

त्यातून बिघाड कसला होता, हे समजून घेतले पाहिजे. नाहीतर दुरुस्तीची थोरवी कळत नाही. आघाताचा सारा जोर वर्तुळाला धरून ठेवणाऱ्या शिकंज्यावर आणि सूक्ष्म गती देणाऱ्या मळसूत्रावर आला, आणि त्यांच्यामार्फत तो वर्तुळाच्या कडेत उतरला. 36 इंच व्यासाच्या वर्तुळाची त्रिज्या 18 इंच. तिच्या परिघावर एका विकलेचे अंतर इंचाच्या साधारण साडेअकरा हजाराव्या भागाएवढे भरते. ते वाचण्यासाठी समोरासमोर दोन सूक्ष्मदर्शक बसविलेले असतात, आणि दोहोंच्या वाचनांची सरासरी घेतली की वर्तुळाचे केंद्र किंचित ढळल्याचा दोष आपोआप नाहीसा होतो. एका बाजूला जितके अधिक तितके दुसऱ्या बाजूला उणे. परंतु वर्तुळ गोलच राहिले नाही, कोठे दबले आणि कोठे फुगले, तर समोरासमोरच्या दोन्ही खुणा एकाच दिशेने चुकतात, आणि सरासरी त्या चुकीला हात लावू शकत नाही. असा कोन पुढच्या त्रिकोणात शिरतो, तो त्रिकोण आपली बाजू त्याच्या पुढच्याला देतो, आणि शंभर मैलांवर गेल्यावर मूळ दोष कोठला हे शोधूनही सापडत नाही. त्रिकोणमितीच्या मोजणीत घडलेला अपघात घडल्या ठिकाणी थांबत नाही, तो नकाशाबरोबर चालत जातो.

लॅम्बटनने काय केले, ते त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने पुढे लिहून ठेवले. एव्हरेस्ट हा दुसऱ्याची स्तुती सहजासहजी न करणारा मनुष्य. म्हणून त्याच्या लेखणीतून आलेल्या या हकीकतीला विशेष मोल आहे. लॅम्बटन एका तंबूत शिरला आणि त्याने आपल्याला जवळजवळ कोंडून घेतले. मुख्य कारागिरांखेरीज कोणालाही आत येण्याची परवानगी नव्हती. त्याने यंत्राचा भाग न् भाग सोडविला. मग एक मोठी, सपाट फळी घेऊन तीवर, मूळ वर्तुळ ज्या मापाचे असावयास हवे नेमक्या त्याच मापाचे एक वर्तुळ कोरून काढले. वाकलेली पितळी कड त्या वर्तुळात ठेवून, पाचरी, मळसूत्रे आणि कप्प्या यांच्या साह्याने, ती थोडी थोडी बाहेरच्या बाजूला ओढीत नेली, जेणेकरून ती कड फळीतल्या परिघाला सगळीकडे सारखी टेकावी. मध्यातून कडेकडे जाणारे जे आरे वाकले होते, ते लहान लाकडी हातोड्यांनी हलकेच ठोकून सरळ आणि मूळ लांबीचे केले. या कामास सहा आठवडे लागले, आणि अखेरीस वर्तुळ आपल्या मूळच्या आकाराच्या अगदी निकट आले.

आपल्याकडे लोहार गाडीच्या चाकावर धाव चढवितो तेव्हा लोखंडी कडे तापवून लाकडावर घालतो, आणि निवताना ते आकसून लाकडाला आवळते. तेथे लोखंड लाकडाला आकार देते. या तंबूत उलटा प्रकार घडला. लाकूड स्थिर आणि अढळ, धातू त्याच्याकडे पाहून आपला आकार आठवीत होता. हातोडे लाकडी का, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. पितळावर पोलादी घाव पडला तर तेथे खड्डा पडतो, धातू पसरतो आणि आऱ्याची लांबी बदलते. मोगरीचा घाव मात्र मोठ्या जागेवर वाटला जातो आणि वाक काढतो, धातू चेपत नाही. शिवाय पितळ ओढले की ते ओढल्या ठिकाणी राहत नाही, हात सोडताच थोडे मागे येते. म्हणून प्रत्येक पाचर हवी त्याहून किंचित अधिक ठोकावी लागते, आणि किती अधिक, हे कोणत्याही पुस्तकात दिलेले नसते. ते हाताला कळावे लागते. सहा आठवडे त्यातच गेले असले पाहिजेत.

त्या तंबूत जाण्याची मुभा असलेल्या मुख्य कारागिरांना या हकीकतीत नाव नाही. फौजेच्या आणि मोजणीच्या तळावर सुतार, लोहार, तांबट, चांभार हे असावयाचेच. तो इंग्रज आणि मराठे अशा दोन्हीकडचा रिवाज होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात गडावर कोणती माणसे बाळगावी हे सांगताना वैद्य आणि जखमा बांधणारे यांच्या जोडीला लोहार, सुतार, पाथरवट आणि चांभार यांचीही आठवण ठेवलेली आहे. वेढा पडला की तटाबाहेरून खिळादेखील आत यावयाचा नाही, हे त्या मुत्सद्द्याला पक्के ठाऊक होते. मराठी फौजांच्या मागून चालणाऱ्या ज्या जमावाला आपल्या बखरकारांनी आणि बोलीने बाजारबुणगे म्हणून हिणविले, त्याच जमावात घोड्याला नाल मारणारा नालबंद, खोगिराला टाका घालणारा आणि तोफेच्या गाड्याचा आस बदलणारा असे, ही गोष्ट मला नेहमी सलत आली आहे. मोहिमेचा जमाखर्च लिहिणाऱ्याला तो खर्चाच्या बाजूला दिसतो. मोहीम चालली ती त्याच्या दाभणावर आणि कानशीवर, हे कोणत्याही जमेच्या रकान्यात येत नाही.

दुरुस्त झालेले यंत्र पूर्वीसारखे निर्दोष झाले होते काय? तसा दावा करणे हे लॅम्बटनच्याही स्वभावाला धरून झाले नसते. वर्तुळ मूळ आकाराच्या निकट आले. मूळ आकाराचे झाले नाही. उरलेल्या दोषावरचा उपाय पुढे एव्हरेस्टने रूढ केला, तो असा की, एकच कोन वर्तुळाच्या एकाच भागावर न मोजता, वर्तुळाचा आरंभबिंदू दर वेळी फिरवून, तो निरनिराळ्या भागांवर पुन्हा पुन्हा मोजावयाचा. म्हणजे एका भागाचा दोष दुसऱ्या भागाच्या दोषाने निवारला जातो. याचा अर्थ असा की, फळी आणि पाचरी यांनी जे काम अपुरे सोडले ते चिकाटीने आणि वेळेने पुरे केले. तरीही 1860 नंतर नव्या आणि अधिक अचूक यंत्रांनी दक्षिणेकडचा भाग पुन्हा मोजण्यात आला, यावरून जुन्या कामाची मर्यादा दिसते, आणि ती मान्य करावयास संकोच नको. पण ज्या सांगाड्यावर मधली पन्नास वर्षे दक्षिणेचा प्रत्येक नकाशा उभा राहिला, तो सांगाडा त्याच वाकून सरळ झालेल्या वर्तुळावर वाचलेला होता.

असे मोठे अपघात आयुष्यात एखाद्या वेळी होतात. खरी परीक्षा रोजच्या मोडतोडीची, आणि तिच्यासाठी मोजणीदाराच्या पेटीत जी किरकोळ सामग्री असावयाची तिच्यात मेण, लाख, रेशमी दोरा, चिमटा, बारीक कानस यांच्याबरोबर एक अशी वस्तू लागे की जी कोणत्याही दुकानात मिळत नाही. दुर्बिणीतून पाहताना दृष्टीच्या मध्यभागी जे उभे-आडवे तंतू दिसतात आणि ज्यांच्या छेदावर दूरचे निशाण आणावयाचे, ते एकोणिसाव्या शतकात कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्याचे असत. लंडनच्या एडवर्ड ट्रॉटनसारख्या थोर यंत्रकारांनी ही पद्धत रूढ केली, कारण तितका बारीक आणि तितका समान जाडीचा दुसरा तंतू मनुष्याला काढता येत नव्हता. हा धागा हादऱ्याने तुटे, दमट हवेत सैल पडे, आणि तो तुटला की सबंध थिओडोलाइट आंधळा होई.

मग मोजणीदार रानात कोळी शोधावयास निघे. जुने, धूळ बसलेले जाळे उपयोगाचे नसते, कारण दुर्बिणीत धुळीचा कणही दगडाएवढा दिसतो. जिवंत कोळी एका दुबेळक्याच्या काडीवर घ्यावयाचा आणि हलकेच झटकावयाचा. तो घाबरून खाली उतरू लागला की त्याच्यामागून ताजा धागा सुटतो. काडी गोल गोल फिरवीत तो धागा तिच्या दोन बाहूंवर, एकमेकांना न लागता, गुंडाळीत जावयाचा. नंतर दुर्बिणीतले पितळी कडे बाहेर काढून, त्यावर मूळ कारागिराने कोरलेल्या सूक्ष्म खाचा भिंगातून पाहून, काडीवरचा एक धागा नेमका त्या खाचांत उतरवावयाचा. येथे एक बारकी गोष्ट आहे. धागा कोरडा बसविला तर पहिल्या पावसाळी हवेत तो ओल पिऊन लांबतो आणि मधोमध लोंबतो. म्हणून बसविण्यापूर्वी त्याला वाफेवर धरून ओला होऊ द्यावयाचा, ओल्या अवस्थेतच ताणावयाचा, आणि ताणलेला असतानाच दोन्ही टोकांना पातळ लाखेचा थेंब लावावयाचा. वारा आला की श्वास रोखावयाचा. स्वतःच्या उच्छ्वासानेदेखील तो हलतो. काचेवर कोरलेल्या रेषा सर्रास प्रचारात येईपर्यंत, म्हणजे विसाव्या शतकात चांगले शिरेपर्यंत, ही विद्या मोजणीदारांना हस्तगत असावी लागे. एका बाजूने पृथ्वीचा आकार ठरविण्याची महत्त्वाकांक्षा आणि दुसऱ्या बाजूने झुडपातल्या कोळ्याच्या पोटातून निघालेला धागा, यांचा असा संबंध जोडणाऱ्या व्यवसायाविषयी आदर वाटल्यावाचून कसा राहील?

1818 च्या जानेवारीपासून ही मोजणी मद्रास सरकारकडून गव्हर्नर-जनरलच्या अखत्यारीत गेली, तिला थोरली त्रिकोणमितीय मोजणी असे नाव मिळाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एव्हरेस्ट लॅम्बटनचा मुख्य मदतनीस म्हणून हैदराबादेस हजर झाला. पुढल्या पावसाळ्यात कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधल्या जंगलात त्याच्या तुकडीला तापाने असे गाठले की, एव्हरेस्टसह जवळजवळ दीडशे माणसे आडवी पडली, त्यांना उचलून आणण्यासाठी हैदराबादेहून हत्ती आणि गाड्या धाडाव्या लागल्या, आणि काही माणसे वाटेतच गेली. एव्हरेस्टला प्रकृती सुधारण्यासाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत जावे लागले. जेथे माणसांचीच ही गत, तेथे बिघडलेले यंत्र शहरात पाठवून दुरुस्त करून आणण्याची गोष्ट बोलावयासच नको होती.

लॅम्बटन या सगळ्यांतून उत्तरेकडे सरकत राहिला. बिदरजवळची आधाररेषा 1815 मध्ये मोजून झाली होती. तेथपर्यंत त्याच्या कमानीने, म्हणजे दक्षिणोत्तर त्रिकोणांच्या रांगेने, अक्षांशाचे सुमारे दहा अंश ओलांडले होते. आता तळ नागपूरला हलवावयाचे ठरले. एव्हरेस्ट त्या वेळी मुंबईच्या रोखाने पश्चिमेकडे त्रिकोणांची रांग नेण्याच्या कामावर होता. वयाच्या सत्तरीच्या आसपास पोचलेला, खोकल्याने आणि क्षयाने पोखरलेला लॅम्बटन आपल्या मंडळींसह हैदराबादेहून निघाला, आणि नागपूरच्या अलीकडे, वणा नदीच्या काठी असलेल्या हिंगणघाटास, 20 जानेवारी 1823 रोजी वारला. त्याला तेथेच पुरले. मुलूख नागपूरकर भोसल्यांचा; तंजावरच्या भोसल्यांच्या नगरात ज्याचे यंत्र मोडले, त्याचा देह दुसऱ्या एका भोसले घराण्याच्या भूमीत विसावला. हिंगणघाट पुढे कापसाच्या व्यापाराने नावारूपास आले, आणि आज वर्धा जिल्ह्यातील या गावातून नागपूरकडे जाणाऱ्या किती मराठी प्रवाशांना लॅम्बटन येथे विसावला आहे हे ठाऊक असेल, असा प्रश्न माझ्या मनात येतो. या गावाने आणि या जिल्ह्याने लॅम्बटनची आठवण अभ्यासपूर्वक जपावी, असे मला फार वाटते. कारण या राज्यात मोजणीशास्त्राच्या इतिहासाचे इतके मोठे स्थळ दुसरे नाही.

यंत्र मात्र चालतच राहिले. एव्हरेस्टने तेच सातपुड्यापलीकडे नेले. 1825 मध्ये सिरोंजची आधाररेषा झाल्यावर तो आजारी होऊन इंग्लंडला गेला, आणि 1830 मध्ये परतला तो नवी यंत्रे आणि हेन्री बॅरो नावाचा एक निष्णात यंत्रकार बरोबर घेऊन. मोहिमेच्या पहिल्या तीस वर्षांत जे तंबूत करावे लागले, त्यासाठी आता कलकत्त्यास कारखाना उभा राहिला. कॅरीचा थोरला थिओडोलाइट तेथे बॅरोच्या हाताखाली आला, आणि तंजावरला वाकलेल्या त्या यंत्राची त्याने पुनर्घटना केली. एव्हरेस्टने आपली कमान मसुरीजवळच्या बनोगपर्यंत नेली, आणि 1843 मध्ये तो निवृत्त झाला.

याच कारखान्यात सय्यद मीर मोहसिन हुसेन नावाचा एक कारागीर होता. तो मूळचा अर्काटचा. मद्रासेत घड्याळे आणि जडजवाहीर यांच्या दुकानात काम करीत असताना सर्व्हेयर जनरल व्हॅलेंटाइन ब्लॅकर याच्या नजरेस त्याचे कसब आले, आणि 1824 च्या सुमारास त्याने त्याला कलकत्त्यास आणले. बॅरोच्या हाताखाली राहून तो मोठ्या यंत्रांचे काम शिकला. पुढे बॅरो गेल्यावर खगोलवेधाच्या मोठ्या वर्तुळांवर नव्याने खुणा पाडण्याचे काम मोहसिन हुसेनने केले. एव्हरेस्ट, जो आपल्या गोऱ्या मदतनिसांनाही कठोर शब्दांत बोलावयास कमी करीत नसे, त्याने या माणसाच्या बुद्धीची आणि हाताची मनापासून तारीफ केली, आणि बॅरोच्या जागी त्याचीच नेमणूक व्हावी असा आग्रह कंपनी सरकारकडे धरला. ती नेमणूक झाली. ज्या मोहिमेत 1808 साली तंबूत शिरणाऱ्या कारागिरांची नावे टिपून ठेवण्याचे कोणाला सुचले नाही, तिच्या दप्तरात सुमारे साडेतीन दशकांनी एका अर्काटकर कारागिराचे नाव सरकारी गणितयंत्रकार या हुद्द्यासह दाखल झाले. कलकत्त्याचा तो कारखाना पुढे गणितीय यंत्रांचे कार्यालय या नावाने शतकाहून अधिक काळ चालला, आणि स्वातंत्र्योत्तर काळात जादवपूरच्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या सरकारी कारखान्याच्या रूपाने तो थिओडोलाइट आणि दुर्बिणी घडवीत राहिला.